पारा, मंझिल, रुकू

मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या धार्मिक पुस्तकांच्या दुकानांत कुरआनाचा तीस पातळ पुस्तिकांचा संच मिळतो. कुणाच्या घरी मयत झाली की बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या दिवशी हा संच निघतो. जमलेल्यांपैकी जो तो एकेक सिपारा, म्हणजे पारा, उचलतो आणि एका बैठकीत सगळे मिळून अख्खं कुरआन पुरं करतात. एकट्यानं वाचायचं तर रोज एक पारा, महिन्याला एक खतम, म्हणजे एक पूर्ण वाचन. 114 सुरा आणि सहा हजारांवर आयती पोटापाण्याच्या धबडग्यात बसवायची ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे, की ती ग्रंथाबरोबरच आली असावी असं वाटतं. तसं नाही. पारा, मंझिल, रुकू या वाटण्या वाचणाऱ्यांनी वाचणाऱ्यांसाठी केल्या.

या कथेची सुरुवात मदिनेत होते. अब्दुल्लाह इब्न अम्र हे तरुण सहाबी, म्हणजे प्रेषितांचे साथीदार, दिवसा रोजा धरत आणि रात्रभर नमाजात कुरआन पढत. त्यांच्या पत्नीची आबाळ होते आहे हे प्रेषितांच्या कानावर गेलं. शरीराचा, डोळ्यांचा, बायकोचाही माणसावर हक्क असतो, असं त्यांनी अब्दुल्लाहना समजावलं आणि महिन्यात एकदा कुरआन पूर्ण करायला सांगितलं. अब्दुल्लाह मला याहून जास्त जमेल म्हणत राहिले, तेव्हा गोष्ट सात दिवसांवर येऊन थांबली. इमाम बुखारींच्या संग्रहात पुढचा तपशीलही आहे. म्हातारपणी अब्दुल्लाहना वाटे, तेव्हा दिलेली सवलत घेतली असती तर बरं झालं असतं. पण धरलेला नेम त्यांनी सोडला नाही. रात्री पढायचा सातवा हिस्सा ते दिवसा घरातल्या कुणाला तरी म्हणून दाखवत, म्हणजे रात्रीचं ओझं हलकं होई. नेमाच्या साऱ्या इतिहासात मला हा वृद्ध माणूस सर्वांत जवळचा वाटतो.

सात दिवसांची वाटणी सहाबींनी सुरा न मोडता केली. फातिहा सोडून पहिल्या दिवशी तीन सुरा, मग पाच, सात, नऊ, अकरा, तेरा आणि शेवटच्या दिवशी सूरा काफपासून अखेरपर्यंत. सुरुवातीच्या सुरा लांबलचक आणि शेवटच्या आखूड, म्हणून आकडा चढत जातो आणि रोजचं वाचन साधारण सारखं राहतं. याच सात मंझिला. आपल्याकडचे हाफिज, म्हणजे कुरआन तोंडपाठ असणारे, त्यांची आद्याक्षरं ‘फमी बिशौक’ या दोन शब्दांत लक्षात ठेवतात. पुढे सत्ताधाऱ्यांनीही याच मापानं प्रती करून घेतल्या. कैरोत 1304 ते 1306 या काळात नंतर सुलतान झालेल्या बैबर्स जाशनगीरसाठी सोनेरी अक्षरांत लिहिलेलं कुरआन सात खंडांचं आहे. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

तीस पाऱ्यांचा हिशेब वेगळा, तो अक्षरांचा. परंपरा त्याचं श्रेय इराकचा सुभेदार हज्जाज इब्न युसूफ याला देते. मक्केला वेढा घालणारा हा अत्यंत कठोर माणूस 714 साली वारला. त्यानं बसऱ्याचे कारी, म्हणजे कुरआनाचे पाठक, बोलावून कुरआनाचं अक्षर न् अक्षर मोजायला लावलं, असं जुने ग्रंथ सांगतात. बेरीज तीन लाखांच्या वर गेली. ग्रंथाचा मध्य सूरा कहफमध्ये, गुहेतल्या झोपलेल्यांच्या गोष्टीत सापडला. त्यांच्यातला एक जण अन्न आणायला शहरात निघतो आणि बाकीचे त्याला जपून, नरमाईनं वागायला सांगतात, ते हे ठिकाण. भारतीय छपाईच्या प्रतींत तिथला ‘वल्यतलत्तफ’ हा शब्द आजही ठळक किंवा लाल छापलेला दिसतो.

अक्षरं मोजून वाटे समान होतात, अर्थ मात्र मधोमध चिरला जातो. चौथा पारा सूरा निसाच्या 23व्या आयतीवर संपतो. कोणत्या स्त्रियांशी लग्न निषिद्ध आहे त्यांची तिथे यादी चालू आहे. यादीतली पुढची बाब, विवाहित स्त्रिया, 24व्या आयतीत येते आणि नेमका तिथून पाचवा पारा सुरू होतो. रोज एक पारा वाचणारा अर्ध्या वाक्यावर ग्रंथ मिटतो. ही मोठीच उणीव आहे, असं मी मानतो.

ती उणीव भरून काढली मध्य आशियानं. बुखाऱ्याच्या उलेमांनी कुरआनाचे 540 रुकू केले, असं अकराव्या शतकातले हनफी विधिज्ञ सरख्सी नोंदवतात. रमजानात तरावीह या रात्रीच्या नमाजाचे रोज वीस रकात, म्हणजे फेरे. प्रत्येक रकातात एक रुकू पढला, तर सत्ताविसाव्या रात्री कुरआन पुरं होतं. पण इथे अक्षरं मोजली नाहीत. एखादा प्रसंग किंवा विषय जिथे संपतो तिथेच इमामानं वाकावं, म्हणजे रुकू करावा, अशी खूण केली. मागे उभ्या असलेल्याच्या पायांचा आणि मजकुराच्या अर्थाचा एकदम विचार करणारी ही वाटणी मला सर्वांत शहाणी वाटते. आपल्याकडच्या प्रतींच्या समासात ती ‘ऐन’ या अक्षरानं दाखवतात. अक्षराच्या वर सुरेतला रुकू क्रमांक, पोटात त्या रुकूतल्या आयतींची संख्या आणि खाली पाऱ्यातला क्रमांक. आता आपल्याकडच्या प्रतींत बहुधा 558 रुकू असतात.

मोरोक्कोत पाऱ्याचे दोन हिज्ब करतात. मशिदीत पहाटेच्या नमाजानंतर एक आणि सूर्यास्ताच्या मगरिबनंतर एक, तोही सगळ्यांनी एका सुरात. बाराव्या शतकातल्या मुवह्हिद राजवटीपासूनचा हा रिवाज आहे. मदिनेत छापल्या जाणाऱ्या 604 पानी प्रतीत बहुतेक पारे बरोबर वीस पानांचे असतात, म्हणून कित्येक जण पाच नमाजांना चार-चार पानं वाटून घेतात.

मुंबईत धंद्यापायी फिरतीवर असणाऱ्यांसाठी पाच, सहा किंवा दहा दिवसांत खतम होणारी तरावीह असते. रोजचे पारे वाढतात, रात्र लांबते. त्यानंतरच्या रात्री पुष्कळ जण ‘अलम तर’वाली तरावीह पढतात. सूरा फीलपासून नासपर्यंतच्या दहा छोट्या सुरा, दोनदा. वीस रकात होतात, आणि सकाळचं दुकानही वेळेवर उघडतं.