एपिड्युरल

घरात कुणाचं बाळंतपण जवळ आलं की हल्ली हा शब्द हमखास कानी पडतो. ‘एपि’ ग्रीक, म्हणजे वर. ‘ड्युरा’ लॅटिन, म्हणजे कठीण. पूर्ण नाव ‘ड्युरा मेटर’, कठीण आई! मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या जाड आवरणाला अरबीत लिहिणारे वैद्य आई म्हणत. अंतिओकच्या स्टीफनने ११२७ मध्ये अली इब्न अब्बासचा अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणला, तेव्हा हे नातंही सोबत आलं. आज त्याच आवरणाबाहेरच्या जागेत, कमरेतून घातलेल्या बारीक नळीने ब्युपिव्हकेनसारखं औषध सोडतात. कळा बोथट होतात, बाळंतीण जागी राहते. मुळात जागा सांगणारा शब्द आता इंजेक्शनचंच नाव झालाय: ‘एपिड्युरल घेतलंस का गं?’ त्यालाच ‘पेनलेस डिलिव्हरी’ म्हणतात, ते मात्र जपून म्हणावं. प्रत्येकीच्या कळा पूर्ण थांबतातच असं नाही.