मनमाडच्या रस्त्यावरून निसटलेली इंडिका

8 मे 2006. नाशिक जिल्ह्यातला चांदवड–मनमाड रस्ता. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाची (एटीएस) तुकडी एक टाटा सुमो आणि एक इंडिका यांच्या मागावर आहे. सुमो सापडते. आत 30 किलो आरडीएक्स, 10 एके-47, 3,200 काडतुसं. इंडिका मालेगावच्या दिशेने निसटते. ती चालवणारा बीड जिल्ह्यातला झबिउद्दीन अन्सारी पुढे बांगलादेशमार्गे पाकिस्तानात पोहोचतो.

सप्टेंबर 2006. लष्कर-ए-तैयबाचा हेर डेव्हिड हेडली हल्ल्याच्या टेहळणीसाठी मुंबईत उतरतो. पाकिस्तानी गुप्तचर संस्था आयएसआयच्या ‘मेजर इक्बाल’ने आपल्याला 25,000 डॉलर दिले, असं त्याने पुढे अमेरिकेत सांगितलं. गुप्त कारवाईची रीत हीच: पैसा सरकारी, माणसं लष्कर-ए-तैयबाची. उद्या कानांवर हात ठेवायला सरकार मोकळं.

एप्रिल 2008. हेडली बोटीतून किनारा न्याहाळतो, उतरण्याच्या जागा जीपीएसवर नोंदवतो.

सप्टेंबर 2008. हल्लेखोरांची कराचीहून निघालेली पहिली बोट खडकावर आपटते, शस्त्रं बुडतात. ऑक्टोबरमधला दुसरा प्रयत्नही फसतो. इशारा मिळाल्यावर ताज हॉटेलने वाढवलेला बंदोबस्त हल्ल्याआधी सैल झालेला असतो. याची चीड आजही येते.

19 नोव्हेंबर. संशयित पाकिस्तानी जहाजाची खबर तटरक्षक दलाकडे येते. शोध होतो, हाती काही लागत नाही. दहा हल्लेखोर अजून कराचीतच आहेत.

22 नोव्हेंबर, सकाळ. ते निघतात.

23 नोव्हेंबर. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट त्यांच्या ताब्यात. चार खलाशी मारले जातात. वाट दाखवायला तांडेल तेवढा जिवंत ठेवला जातो.

26 नोव्हेंबर, दुपारी सुमारे 4. मुंबई चार सागरी मैलांवर. आता तांडेलाचाही गळा चिरला जातो.

रात्री सुमारे 8.30. बधवार पार्कजवळ रबरी बोट किनाऱ्याला लागते. पाठीवर जड पिशव्या. कोळी वस्तीतले लोक विचारतात, कोण तुम्ही? उडवाउडवीचं उत्तर मिळतं. दहा जण जोडी-जोडीने पांगतात.

रात्री 9.30 नंतर. लिओपोल्ड कॅफे, सीएसटी स्थानक, ताज आणि ओबेरॉय हॉटेलं, नरिमन हाउस यांवर हल्ले. फोनवरून कराचीतल्या एका खोलीतून हुकूम येत राहतात. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार त्या खोलीत इंडिकावाला अन्सारीही होता.

मध्यरात्रीच्या सुमारास. कामा रुग्णालयाजवळ एटीएसप्रमुख हेमंत करकरे मारले जातात.

तीन दिवसांत 166 जणांचा बळी गेला. जिवंत पकडलेला हल्लेखोर कसाब पाकिस्तानी असल्याचं इस्लामाबादने जानेवारी 2009 मध्ये मान्य केलं. ते आधी बोलून दाखवणारे पाकिस्तानचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार दुर्रानी यांना त्याच दिवशी पदावरून काढण्यात आलं. अन्सारी जून 2012 मध्ये दिल्लीत पकडला गेला. त्या सुमोतल्या शस्त्रांच्या खटल्यात त्याला 2016 मध्ये जन्मठेप झाली.