अँटवर्पचा एकोणिसावा

जयनगरच्या तिसऱ्या ब्लॉकातून पहाटे निघायचे, अशोक स्तंभाला वळसा घालायचा आणि उजाडता उजाडता लालबागेत शिरायचे, हा माझा गेल्या बारा वर्षांचा नेम. सोबतीला शेजारी असतात. ते धारवाडचे, कानडी. मी बेळगावचा, मराठी. दोघेही साठीच्या उंबरठ्यावर. पळताना बोलता आले पाहिजे, दम लागून बोलणे थांबले तर वेग कमी करायचा, हा आमचा एकमेव नियम. त्यामुळे बोलायला रोज काहीतरी विषय लागतो. एका सकाळी त्यांनी विचारले, “ऑलिंपिकची मॅरेथॉन पहिल्यांदा पुरी करणारा भारतीय कोण, सांगा.” मी शिवनाथ सिंगांचे नाव घेतले. ते हसले. “तुमच्याच गावचा की हो! फडेप्पा चौगुले, १९२०.” आणि दोन पावले पुढे गेल्यावर म्हणाले, “म्हणजे आमचाच.”

ते थट्टेने बोलले होते, पण मला ते लागले. बेळगावात वाढलेल्या माझ्या पिढीच्या मराठी माणसाला ‘आमचा’ आणि ‘तुमचा’ हे शब्द नुसते थट्टेचे वाटत नाहीत. त्याहून जास्त लागले ते हे, की त्या गावात शाळा-कॉलेज करूनही मी हे नाव कधी ऐकले नव्हते. खाशाबा जाधवांचे १९५२ चे हेलसिंकीतले कांस्यपदक आम्हाला पाठ होते. त्याच्या बत्तीस वर्षे आधी आमच्याच गावचा एक जण ऑलिंपिकमध्ये बेचाळीस किलोमीटर पळून आला, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. मग मी वाचायला लागलो.

गोष्ट पुण्यात सुरू होते. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची. सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या मैदानी शर्यतींना ते हजर राहिले, तेव्हा त्यांना दिसले की पळणारे बहुतेक जण खेड्यापाड्यांतले शेतकरी आहेत, अनवाणी पळताहेत, आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या शेजारी ठेवण्यासारख्या आहेत. पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही आठवण नमूद केली आहे. शर्यतींच्या वेळी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड आले असता टाटांनी त्यांच्याकडे विषय काढला : या मुलांना ऑलिंपिकला का पाठवू नये? परवानगी मिळाली, काही पैसे सरकारने दिले, काही लोकांनी, काही टाटांनी स्वतः घातले. पुण्यात निवड झाली आणि १९२० च्या उन्हाळ्यात एक छोटा संघ मुंबईहून बोटीने निघाला. धावपटू पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी. आणि दोन पैलवान, नवले व रणधीर शिंदे. नॉर्मन प्रिचर्डने १९०० मध्ये पॅरिसला दोन रौप्यपदके मिळवली होती, पण तो एकटा होता. भारताचा असा निवडलेला संघ हा पहिलाच.

या दोराबजींचे आमच्या शहराशीही नाते आहे, हे मला याच वाचनात कळले. त्यांच्या पत्नी मेहेरबाई या भाभा घराण्यातल्या. त्यांचे वडील म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. मेहेरबाई टेनिसही उत्तम खेळत, साडी नेसूनच. आज मुंबईची मॅरेथॉन आणि बेंगळुरूची दहा किलोमीटरची शर्यत, दोन्ही टाटांच्या नावाने होतात. हजारो लोक अंगावर ते नाव मिरवत पळतात. त्यातल्या फारच थोड्यांना पुण्यातले ते अनवाणी शेतकरी ठाऊक असतील.

अँटवर्पची मॅरेथॉन २२ ऑगस्ट १९२० ला झाली. तेव्हा मॅरेथॉनचे अंतर एकच ठरलेले नव्हते. १९०८ मध्ये लंडनला विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या शाही कक्षापर्यंत जे भरले ते ४२.१९५ किलोमीटर, तेच प्रमाण म्हणून १९२१ मध्ये पक्के झाले. अँटवर्पला मात्र अंतर होते ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून थोडे जास्त. ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सर्वांत लांब मॅरेथॉन. फिनलंडचा हॅनेस कोलेह्मायनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिला आला. एस्टोनियाचा युरी लोसमन त्याच्या मागे जेमतेम १३ सेकंदांवर, आणि इटलीचा व्हॅलेरिओ आरी तिसरा. आपल्या संघातले दातार शर्यत पुरी करू शकले नाहीत. चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद.

आकडा नुसता वाचला तर कळत नाही. पळणाऱ्या माणसाने तो भागून पाहायचा असतो. मी भागला. किलोमीटरला ३ मिनिटे ५९ सेकंद आणि थोडे. चारशे मीटरच्या फेऱ्यांत सांगायचे तर दर फेरी ९६ सेकंद, आणि अशा जवळजवळ १०७ फेऱ्या. आजच्या अंतराला ही गती लावली तर वेळ २ तास ४८-४९ मिनिटांची होते. आज आमच्या ओळखीतले जे उत्साही, नोकऱ्या सांभाळून पळणारे आहेत, त्यांना तीन तासांच्या आत येणे हे आयुष्याचे ध्येय वाटते. त्यांच्या पायांत कार्बनची पट्टी घातलेले बूट, मनगटावर नाडी मोजणारे घड्याळ आणि खिशात साखरेच्या पुड्या असतात. चौगुल्यांच्या वेळी यातले काही नव्हते.

त्या काळी मॅरेथॉनचे शास्त्र म्हणजे अर्धा अनुभव आणि अर्धा गैरसमज. पळताना पाणी पिणे अनेकांना कमकुवतपणाचे वाटे. १९०४ मध्ये सेंट लुईसला उन्हाच्या तडाख्यात पळणाऱ्या थॉमस हिक्सला त्याच्या मदतनिसांनी ब्रँडीतून स्ट्रिक्निन दिले. ते विष आहे. तो जिंकला, पण शेवट त्याला धरून आणावे लागले. पुढे काटा उलट्या टोकाला गेला. तहान नसली तरी प्या, असे सांगितले जाऊ लागले. आणि २००२ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमधली एक धावपटू अतिरेकी द्रव पोटात गेल्याने, रक्तातले सोडियम घसरून दगावली. आज तज्ज्ञ सांगतात ते आपल्या आजीनेही सांगितले असते : तहान लागली की प्या, थोडे थोडे प्या.

सरावाचेही तसेच. लांब पळणाऱ्याने रोज जीव तोडून पळावे ही समजूत मोडली ती न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने. आठवड्याला १६० किलोमीटर, पण त्यातले बरेचसे बेताच्या गतीने. आधी पाया, मग वेग. त्याचे पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग १९६० मध्ये रोमला सुवर्णपदके घेऊन गेले. त्याच ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकला, २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत. त्याच्याविषयी वाचताना मला पुण्याचे ते शेतकरी आठवल्याशिवाय राहत नाहीत. विजेत्यांसाठी घडवलेली हीच पद्धत लिडियार्डने ऑकलंडमध्ये मध्यमवयीन, बैठ्या कामाच्या माणसांनाही शिकवली. अमेरिकी प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी १९६२ मध्ये ते पाहिले आणि स्वतःच्या देशात नेले. लालबागेतल्या त्या तीनशे कोटी वर्षांच्या खडकाभोवती आज जे आजोबा आणि आज्या हळूहळू पळतात, त्यांच्या पळण्याचा एक धागा तिथवर जातो.

मी हे उशिरा शिकलो, आणि टाच दुखवून शिकलो. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात दोन महिन्यांत दहा किलोमीटरवरून तीसवर गेलो. पुढचे चार महिने जिना उतरताना कठडा धरावा लागला. आता कोणी विचारले तर एवढेच सांगतो : आठवड्याचे अंतर थोडे थोडे वाढवा आणि तीन आठवडे वाढवले की चौथ्याला कमी करा. पाचपैकी चार दिवस गप्पा मारता येतील असेच पळा. लांब पल्ल्याचे पळणे आठवड्यातून एकदाच. शर्यतीत पहिला अर्धा भाग सोपा वाटला पाहिजे, कारण तिसाव्या किलोमीटरच्या पुढे स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा संपत येतो आणि सुरुवातीला केलेली उधळपट्टी तिथे वसूल होते. चौगुले पहिल्या विसांत आले त्याअर्थी त्यांना हा हिशेब पायांनी तरी कळला असणार. शक्तीचा अंदाज चुकलेला माणूस पावणेतीन तास ती गती धरत नाही.

त्यांच्यानंतर वाट रुंद झाली असे मात्र नाही. १९२४ ला पॅरिसमध्ये महादेव सिंग पळाले आणि एकोणतिसावे आले. चौगुल्यांचा एकोणिसावा क्रमांक मागे पडायला १९७६ उजाडावे लागले. माँट्रियलला शिवनाथ सिंग अकरावे आले. दोन वर्षांनी जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ नोंदवली, आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला. म्हणजे बेळगावच्या एका मुलाच्या जागेपुढे जायला देशाला छप्पन्न वर्षे लागली.

आता पुन्हा त्या ‘आमचा’कडे येतो. फडेप्पा दरेप्पा चौगुले. दोन्ही नावांतला ‘अप्पा’ कानडी. चौगुला हा गावकामगार, पाटलाचा मदतनीस. आडनाव त्यावरून आले आणि ते आज सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. ते पळाले तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेले, १९७३ ला त्या राज्याचे कर्नाटक झाले, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि २०१४ मध्ये गावाचे सरकारी नाव बेळगावी झाले. एवढ्या वेळा पाट्या बदलल्या. त्या भांडणात रस्त्यांची, चौकांची, पुतळ्यांची नावे दोन्हीकडून हिरिरीने मांडली गेली. या नावावर हक्क सांगायला मात्र, निदान माझ्या लहानपणी तरी, कोणी आले नाही. कदाचित ते दोघांचेही पुरते नव्हते म्हणून. अर्धे कानडी, अर्धे मराठी असे नाव मोर्चात घोषणेला सोयीचे नसते.

माझे वडील बेळगावलाच असतात. ते शाळेत होते तेव्हा १९५६ झाले. मी नोकरीसाठी बेंगळुरूला आलो तेव्हा ते नाराज होते; अठ्ठावीस वर्षांत जयनगरच्या घरी ते दोनदा आले, तेही नातवंडांसाठी. या रविवारी फोनवर मी त्यांना चौगुल्यांची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षितच होता.

“मराठी का कानडी?”

“बाबा, निकालाच्या यादीत भाषेचा रकाना नसतो.”

ते गप्प बसले. मला वाटले, रागावले. मग विचारले, “कितवा आला म्हणालास?”

“एकोणिसावा.”

“आणि पुरी केली ना शर्यत?”

“केली.”

“मग झालं की,” ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा त्यांचे नाव विचारले, आणि कागदावर लिहून घेतो, थांब, म्हणाले.

हे मी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना सांगितले. ते म्हणाले, “मग आपण त्यांची गती तरी बघू या.” आमच्या भागातल्या एका मैदानावर चुन्याने चारशे मीटरचा फेरा आखलेला असतो. शेजाऱ्यांनी घड्याळ धरले, मी पळालो. पहिले दोनशे मीटर ठीक गेले. तिसऱ्या वळणावर छाती भरून आली, आणि फेरी संपली तेव्हा मी गुडघ्यांवर हात टेकून उभा होतो. एकशे आठ सेकंद. फडेप्पांपेक्षा बारा सेकंद जास्त, आणि त्यांच्या अजून एकशे सहा फेऱ्या बाकी.

शेजाऱ्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मग घड्याळ माझ्या हातात दिले आणि बुटांच्या नाड्या आवळायला खाली वाकले. आता त्यांची पाळी होती.