बाले : बालीच्या लोकजीवनाचे उघडे मंडप

इंडोनेशियातील बाली बेटावर गेलेल्या पर्यटकाला एक वास्तू पावलोपावली दिसते. दगडविटांचा चौथरा, त्यावर लाकडी खांब, वर गवताने शाकारलेले उतरते छप्पर आणि भिंती बहुधा एका-दोन बाजूंनाच किंवा मुळीच नाहीत. या मंडपास बालीच्या भाषेत ‘बाले’ म्हणतात. हॉटेलांच्या बागांमध्ये तो निव्वळ विसाव्याची जागा म्हणून उभारला जातो. बालीच्या हिंदू समाजात मात्र त्याचे स्थान फार निराळे आहे. बाळाच्या संस्कारांपासून अंत्यविधीपर्यंतचे घरगुती प्रसंग, गावसभा, मंदिरातील वादन, इतकेच नव्हे तर एकेकाळी न्यायदानही याच मंडपांतून होत आले आहे.

मापे माणसाच्या अंगाची

बालेचे प्रकार प्रामुख्याने खांबांच्या संख्येवरून ओळखले जातात. खांबाला ‘साका’ असा शब्द आहे. चार खांबांचा तो ‘साकेपत’, सहांचा ‘साकेनेम’, आठांचा ‘साकुतुस’ आणि बारांचा ‘साका रोरास’. वास्तूचे तीन भाग मानवी देहाप्रमाणे कल्पिलेले असतात. चौथरा म्हणजे पाय, खांबांचा भाग म्हणजे धड आणि छप्पर म्हणजे मस्तक.

या बांधकामाचे नियम ‘अस्त कोसल कोसली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ताडपत्रांवरील ग्रंथपरंपरेत सांगितले आहेत. ते जाणणारा पारंपरिक स्थपती म्हणजे ‘उंदागी’. मोजमापाची एकके घरमालकाच्या शरीरावरून घेतली जातात. पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी म्हणजे ‘देपा’, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची ‘अस्त’ आणि अंगठा उभा ठेवून वळलेल्या मुठीची ‘मुस्ती’. यातील शेवटची दोन नावे म्हणजे आपले हस्त आणि मुष्टी होत, हे मराठी वाचकाच्या सहज लक्षात येईल. दोन वास्तूंमधील अंतरही मालकाच्या पावलांनी मोजतात. त्यामुळे एका कुटुंबाचा बाले दुसऱ्याच्या बालेची हुबेहूब प्रतिकृती होऊ शकत नाही.

घरासाठीच्या लाकडांत फणसाला मोठा मान आहे. झाड जसे उगवले तसाच खांब उभा राहिला पाहिजे, म्हणजे बुंध्याकडील टोक खाली आणि शेंड्याकडील वर, असा दंडक आहे. सांधे खिळ्यांऐवजी खाचा, खुंट्या आणि पाचरी यांनी जुळवले जातात. छपरासाठी ‘आलांग-आलांग’ हे उंच गवत, तर देवस्थानांवर ताडवर्गीय झाडाचा काळा तंतू वापरतात. बांधकाम पूर्ण झाल्यावर ‘मलास्पास’ हा शुद्धीचा विधी केला जातो. त्याशिवाय वास्तू वापरास योग्य मानली जात नाही.

अंगणाभोवतीचे घर

बालीचे पारंपरिक घर एका छपराखाली नसते. कुंपणभिंतीच्या आत मधले अंगण आणि त्याभोवती स्वतंत्र मंडप अशी त्याची मांडणी असते. दिशा ठरतात त्या पर्वत आणि सागर यांवरून. पर्वताकडील बाजू ‘काजा’ ही पवित्र, तर समुद्राकडील ‘कलोद’ ही त्यामानाने कनिष्ठ. दक्षिण बालीत ‘काजा’ उत्तरेस येते. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर मात्र तीच दिशा दक्षिण ठरते. उगवती आणि मावळती ही दुसरी जोडी.

दक्षिण बालीतील घरात ईशान्य कोपऱ्यात कुलदेवस्थान असते. उत्तरेचा ‘बाले दाजा’ हा बहुधा भिंतींनी बंदिस्त असून तेथे कुटुंबप्रमुखाचे शयनस्थान आणि मौल्यवान वस्तू असतात. पश्चिमेचा ‘बाले दाउह’ पाहुण्यांसाठी आणि रोजच्या वावरासाठी, तर दक्षिणेकडे स्वयंपाकघर आणि भाताचे कोठार असते.

संस्कारांचे स्थान पूर्वेचा ‘बाले दांगिन’ हे होय. बाळ १०५ दिवसांचे झाले, म्हणजे ३५ दिवसांचे तीन बाली महिने भरले, की त्याचा विधी करतात. विवाहाचे विधी येथेच होतात आणि घरातील मृत व्यक्तीचा देहही अंत्ययात्रेपूर्वी येथे ठेवला जातो. वयात आलेल्या मुलामुलींच्या दंतघर्षणाचा संस्कारही याच मंडपात होतो. त्यात वरचे सहा दात प्रतीकात्मकरीत्या घासून समतल केले जातात. हे सहा दात म्हणजे ‘साद रिपु’, अर्थात काम-क्रोधादी षड्रिपू होत.

गावाचा मंडप

घराबाहेरची महत्त्वाची वास्तू ‘बाले बंजार’. बंजार म्हणजे वस्तीची स्वयंशासित संघटना. सामान्यतः विवाहानंतर दांपत्य तिचे पूर्ण सदस्य होते. ‘कुलकुल’ हा पोकळ लाकडाचा नगारा वाजला की सदस्य जमतात. सभा, मृत्यू, आग यांसाठी ठोक्यांची लय वेगवेगळी असते. सभा साधारणतः दर ३५ दिवसांनी भरते. कोणाच्या घरच्या दहनविधीसाठी किती मनुष्यबळ द्यायचे, उत्सवाची वर्गणी किती, असे निर्णय येथे होतात. गामेलान वाद्यवृंदाची वाद्येही येथेच असतात. बालीचे ‘न्येपी’ हे मौनाचे नववर्ष शक संवत्सराचे, म्हणजे आपल्या शालिवाहन शकाच्याच गणनेचे. त्याच्या आदल्या संध्याकाळी मिरवल्या जाणाऱ्या ‘ओगोह-ओगोह’ या राक्षसाकृती तरुण मंडळी आधीचे काही आठवडे बाले बंजारमध्येच घडवतात.

या सामुदायिकतेला दुसरी, कठोर बाजूही आहे. नियम मोडणाऱ्यावर ‘कसेपेकांग’ हा बहिष्कार पुकारला जाऊ शकतो. मग संबंधिताला बंजारची मदत मिळत नाही; काही प्रसंगी गावाच्या स्मशानभूमीचा हक्कही नाकारला जातो.

मंदिरांच्या आवारात ‘बाले आगुंग’ हा ग्रामपरिषदेचा लांबट मंडप, तर ‘बाले गोंग’ हा वादकांचा. ‘वांतिलान’ या प्रशस्त, चढत्या छपराच्या मंडपात पूर्वी कोंबड्यांच्या झुंजी रंगत. इंडोनेशियात १९८१ मध्ये जुगारावर बंदी आल्यानंतर विधीचा भाग असलेल्या झुंजींनाच मुभा उरली. आज वांतिलानमध्ये सभा आणि नृत्यप्रयोगही होतात.

न्यायदानाचा बाले पाहावा तो क्लुंगकुंगचा ‘कर्ता गोसा’. त्याच्या छताच्या आतील बाजूस जवळच्या कामासान गावाच्या शैलीतील चित्रे आहेत. पांडू आणि माद्री यांची सुटका करण्यासाठी भीम यमलोकात जातो, ही बालीत प्रिय असलेली कथा त्यांत रंगवली आहे. खाली बसलेल्या आरोपीने मान वर केली की पाप्यांना मिळणाऱ्या शिक्षा त्याच्या डोळ्यांपुढे येत. डच फौजेने २८ एप्रिल १९०८ रोजी क्लुंगकुंगचा पाडाव केला आणि राजवाडा उद्ध्वस्त झाला, तरी हा मंडप वाचला. विसाव्या शतकात त्यातील चित्रे नव्याने रंगवली गेली.

उरले काय, बदलले काय

पर्यटन वाढले तसे जमिनीचे भाव वाढले. भावाभावांत वाटून लहान झालेल्या आवारात सर्व मंडप मावत नाहीत. गवताची जागा कौलांनी आणि लाकडाची काँक्रीटने घेतली. देनपसारसारख्या शहरात बाले बंजारही दुमजली होऊ लागले आहेत. दुसरीकडे सुटे भाग जोडून उभारता येणारे बाले परदेशी बागांची शोभा वाढवण्यासाठी निर्यात होतात.

साहित्य बदलल्याने बाले संपत नाही. काँक्रीटच्या बाले बंजारातही कुलकुल वाजला की माणसे जमतात आणि आवार आक्रसले तरी पूर्वेचा संस्कारमंडप राखण्याचा प्रयत्न अनेक कुटुंबे करतात. बाली प्रांताने २०१९ मध्ये पारंपरिक ग्रामसंस्थेविषयी केलेल्या नियमांमुळे या व्यवस्थेला कायद्याचेही बळ मिळाले आहे. प्रश्न आहे तो मंडपाखाली जमणाऱ्यांचा. नोकरीच्या वेळा सांभाळून सभेला, दहनविधीला, वादनाच्या सरावाला येणारे सदस्य जोवर आहेत तोवर बाले जिवंत आहे. ते नसतील, तर उरेल ते केवळ सुबक छप्पर.