वयाचा दाखला

१६ ऑक्टोबर २०११ रोजी कॅनडातील टोरंटो शहरात सरोवराच्या काठाने मॅरेथॉन झाली. त्या दिवशी दोन वृद्ध एकाच वाटेवरून धावले. एड व्हिटलॉक ऐंशी वर्षांचे होते, त्यांनी ४२.१९५ किलोमीटरचे अंतर ३ तास १५ मिनिटे ५४ सेकंदांत कापले. हा त्या वयोगटातील जागतिक विक्रम ठरला. दुसरे फौजा सिंग. पारपत्रानुसार त्यांचे वय शंभर. त्यांना ८ तास ११ मिनिटे ६ सेकंद लागले. ते अंतिम रेषेशी पोहोचले तेव्हा कडेचे कठडे हलवण्याचे आणि जाहिरातींचे फलक उतरवण्याचे काम सुरू झाले होते. व्हिटलॉक यांचा विक्रम नोंदला गेला. फौजा सिंग यांचा मात्र 'गिनेस'च्या पुस्तकात शिरू शकला नाही, कारण त्यांच्याजवळ जन्माचा दाखला नव्हता.

या घटनेवर त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बरेचसे भावनेच्या भरात. आमचे कुतूहल थोडे निराळे आहे. धावणाऱ्या म्हाताऱ्याला वय विचारण्याची ही पद्धत पडली केव्हा? कारण ती फार जुनी नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रश्न वयाचा नव्हता, काळजाचा होता. दीर्घ पल्ल्याच्या धावण्याने हृदय झिजते, फुगते आणि माणूस अकाली मरतो, असे भलेभले डॉक्टर मानत. या समजुतीचा सर्वांत प्रसिद्ध बळी (किंवा बळी न ठरलेला मनुष्य) म्हणजे बोस्टनचे क्लॅरन्स डिमार. छापखान्यात खिळे जुळवणारा हा कामगार १९११ साली बोस्टन मॅरेथॉनला उभा राहिला, तेव्हा डॉक्टरांना त्याच्या हृदयात कुरकुर ऐकू आली. ही तुझी शेवटची शर्यत समज आणि दमलास तर मध्येच सोड, असे त्याला बजावण्यात आले. डिमार शर्यत जिंकले. त्यानंतर मात्र बोस्टनच्या शर्यतीपासून ते काही वर्षे दूरच राहिले. नोकरी, शिक्षण ही कारणे होतीच. पण डॉक्टरांचा इशाराही मनात होता. पुढे ते परतले आणि १९२२, १९२३, १९२४, १९२७, १९२८ आणि १९३० अशा आणखी सहा वेळा जिंकले. शेवटच्या विजयाच्या वेळी ते एकेचाळीस वर्षांचे होते. बोस्टनला त्याहून मोठ्या वयाचा पुरुष विजेता अजूनही झालेला नाही. इशारा देणारे डॉक्टर मध्यंतरी हृदयविकारानेच वारले. त्यांनी त्या दिवशी बहुधा स्वतःचेच हृदय ऐकले असावे, अशा अर्थाचा शेरा डिमार यांनी आपल्या आत्मचरित्रात मारून ठेवला आहे.

१९५४ साली, पासष्टाव्या वर्षी, डिमार बोस्टनला अखेरचे धावले. १९५८ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि मग शवविच्छेदन झाले. जेम्स करन्स आणि पॉल डडली व्हाइट या हृदयतज्ज्ञांनी १९६१ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या डिमार यांच्या धमन्या सर्वसामान्य माणसाच्या धमन्यांहून दुप्पट-तिप्पट रुंद होत्या. जे हृदय धावण्याने निकामी होणार होते, ते अर्धशतक धावूनही उत्तम निघाले! एका माणसावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. तरीही डॉक्टरांच्या धाकाला पडलेले ते पहिले मोठे भगदाड होते आणि ते पाडण्यासाठी एका धावपटूला आधी मरावे लागले, ही गोष्ट विसरता येत नाही.

डिमार यांच्या मागून आले थोरले जॉन केली. ('थोरले' अशासाठी की त्याच नावाचे धाकटे केली १९५७ साली बोस्टनला जिंकले, दोघांचे नाते काही नाही.) थोरल्या केलींनी १९३५ आणि १९४५ साली बोस्टन जिंकली, सात वेळा ते दुसरे आले. पण त्यांची खरी कीर्ती विजयांची नाही. ते या एकाच शर्यतीला एकसष्ट वेळा उभे राहिले आणि अठ्ठावन्न वेळा त्यांनी ती पुरी केली. शेवटची १९९२ साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. वाटेवरच्या कुप्रसिद्ध चढाजवळ १९९३ साली त्यांचा पुतळा बसवला, त्यात दोन केली आहेत. तरुण केली आणि म्हातारा केली हातात हात घालून धावताहेत. पुतळा पाहणाऱ्याला तो गोड वाटतो. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते : केलींचे वय कोणी शोधावे लागत नव्हते. बोस्टनकरांनी तो माणूस एप्रिलमागून एप्रिल डोळ्यांसमोर म्हातारा होताना पाहिला होता. साऱ्या शहराची साक्ष हाच त्याचा दाखला.

(अशी साक्ष बाईच्या वाट्याला येणे तेव्हा शक्य नव्हते. बोस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ साली. केलींच्या पिढीतली एखादी बाई कितीही चिवट असती तरी तिला धावायला वाटच नव्हती.)

डिमार आणि केली सर्वांच्या बरोबरीने धावले. त्यांच्यासाठी वेगळी रांग नव्हती. ती रांग साठोत्तरी काळात आली. प्रौढांच्या स्वतंत्र शर्यती अमेरिकेत आणि युरोपात सुरू झाल्या, आणि १९७५ साली टोरंटोतच प्रौढांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. चाळिशीच्या पुढे पाच-पाच वर्षांचे गट पडले. या कल्पनेने मोठे काम केले, यात शंका नाही. सत्तरीचा माणूस पंचविशीच्या तरुणाच्या मागे फरफटत न जाता आपल्या वयाच्या माणसाशी झुंजू लागला. म्हातारपण ही शर्यतीतली अडचण राहिली नाही, तिची अट झाली. मात्र अट म्हटली की पुरावा आला. घड्याळ जितके अचूक, तितकीच जन्मतारीखही अचूक हवी. वृद्धांना ज्या दाराने मैदानात घेतले, त्याच दारावर कागद तपासणारा कारकून बसला.

व्हिटलॉक हे या व्यवस्थेचे सर्वांत लखलखीत फळ. लंडनच्या परिसरात वाढलेले हे खाणअभियंते तरुणपणी धावत, मग कॅनडात जाऊन त्यांनी धावणे सोडले आणि चाळिशीत पुन्हा धरले. २००३ साली टोरंटोच्याच मॅरेथॉनमध्ये त्यांनी बहात्तराव्या वर्षी २ तास ५९ मिनिटे १० सेकंद अशी वेळ दिली. सत्तरी ओलांडून तीन तासांच्या आत येणारे ते जगातले पहिलेच. पुढच्या वर्षी त्यांनी ती २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांवर आणली. मिल्टन या आपल्या गावच्या दफनभूमीत ते सराव करीत, एकाच छोट्या फेरीवर, कधी कधी सलग तीन तास. फेऱ्या मोजत नसत, फक्त वेळ बघत. प्रशिक्षक नाही, खास आहार नाही, बूट वर्षानुवर्षांचे जुने. आणि विशेष म्हणजे या सरावात त्यांना फारसा आनंदही वाटत नसे. ते तसे स्पष्ट सांगत. वृद्धापकाळी टिकलेल्या उत्साहाविषयी आपण जे हळवे बोलतो, त्यावर हे चांगले पाणी आहे. व्हिटलॉक यांना विक्रम हवे होते, आणि विक्रमांसाठी लागणारा कंटाळा सोसण्याची त्यांची तयारी होती.

त्याच २००३ सालच्या शर्यतीत फौजा सिंगही धावले होते. पारपत्राप्रमाणे ब्याण्णवाव्या वर्षी, ५ तास ४० मिनिटांत. त्यांची वाट उलटी. जालंधरजवळच्या बिआस पिंडचे हे शेतकरी. लहानपणी पाचव्या वर्षापर्यंत त्यांना धड चालताही येत नव्हते. १९९२ साली पत्नी वारली, ते इंग्लंडमध्ये मुलाकडे राहायला गेले. १९९४ साली दुसरा मुलगा, कुलदीप, अपघातात गेला. त्या दुःखात त्यांनी पुन्हा धावणे धरले आणि २००० साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, लंडनची पहिली मॅरेथॉन पुरी केली. ज्या वयात इतरांचे धावणे संपून गेलेले असते, त्या वयात यांचे सुरू झाले.

पारपत्रावर जन्मतारीख होती १ एप्रिल १९११. शंभरीनिमित्त इंग्लंडच्या राणीचे अभिनंदनपत्रही आले होते. त्या काळी जन्मनोंदी ठेवल्या जात नसत, असे भारतातील अधिकाऱ्यांनी कळवले. 'गिनेस'ला मात्र जन्माच्या वेळचाच कागद हवा होता. त्यांच्या आग्रहामागेही इतिहास आहे. शंभरीपार वयाचे दावे पुष्कळदा खोटे निघतात. सतराव्या शतकात इंग्लंडचा टॉमस पार हा १५२ वर्षांचा म्हणून मिरवला, १६३५ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरला गेला, त्याचे शवविच्छेदन खुद्द विल्यम हार्वीने केले आणि तेवढे वय आज कोणी मानत नाही. दुसरीकडे, १९७६ साली अथेन्सला साडेसात तासांत मॅरेथॉन पुरी करणारे दिमित्रिओन योर्दानिदिस हे अठ्ठ्याण्णव वर्षांचे म्हणून याच 'गिनेस'ने नोंदले होते.

१ एप्रिल ही तारीख पाहिली आणि आम्हांला ओळखीची खूण पटली. महाराष्ट्रात ती १ जून असते. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला पोराची तारीख ठाऊक नसे. मास्तर अंदाजाने वर्ष ठरवत आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहून टाकत. आम्ही महाविद्यालयात शिकवतो. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे वाढदिवस एकाच दिवशी येत, आणि निवृत्त्या त्यामुळे एकाच महिन्यात. त्या तारखेला खोटी कोण म्हणेल? पण ती जन्मतारीख नव्हे. जन्म सांगण्याची रीत निराळीच होती : प्लेगच्या साली, मानमोडीच्या साथीत, बहात्तरच्या दुष्काळात.

नोंदी मुळीच नव्हत्या असेही नाही. १८८६ चा नोंदणी कायदा ऐच्छिक होता, सक्तीची नोंदणी १९६९ च्या अधिनियमाने आली. परंतु गावकामगारांच्या दप्तरांत जन्ममृत्यू लिहिले जात. आमच्याकडची कोतवाल बुके ही त्याचीच खूण. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली ती मोडीतली बाडे तहसिलांतून बाहेर निघाली, तेव्हा अनेकांना आपला पणजोबा प्रथमच कागदावर भेटला. मात्र त्यांतल्या नोंदींत पुष्कळदा बापाचे नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. मुलाचे नाव नसते. चार भावंडांत कोण केव्हा जन्मले, हे मग घरातल्या म्हाताऱ्यांनीच सांगायचे.

आमचे मत विचाराल तर 'गिनेस'ने आपल्या नियमाप्रमाणे योग्यच केले. पुराव्याविना आकडा छापायचा नसतो. संशोधनाच्या क्षेत्रात आम्हीही विद्यार्थ्यांना तेच सांगतो. खटकते ते एवढेच की नियम सर्वांना सारखा असला तरी कागद सर्वांना सारखा मिळालेला नव्हता. १९३१ च्या इंग्लंडात जन्मलेल्या व्हिटलॉक यांच्या जन्माची नोंद सरकारने आपोआप करून ठेवली होती. त्यासाठी त्यांना स्वतःला काही करावे लागले नव्हते. फौजा सिंग यांच्याकडून जो पुरावा मागितला गेला, तो देणे त्यांच्या हाती कधीच नव्हते. आणि समजा, ते शंभर नसून चौऱ्याण्णव होते. तरी आठ तास पायांवर राहिलेला तो माणूस लहान होतो काय? विक्रम लहान होतो, हे खरे.

व्हिटलॉक अखेरपर्यंत धावले. ऑक्टोबर २०१६ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी टोरंटोला ३ तास ५६ मिनिटे ३४ सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली आणि पाच महिन्यांनी, १३ मार्च २०१७ रोजी, कर्करोगाने ते गेले. फौजा सिंग यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये हाँगकाँगला दहा किलोमीटरची शर्यत धावून स्पर्धा सोडल्या; चालणे मात्र सोडले नाही. पुढे ते गावी परतले. १४ जुलै २०२५ रोजी बिआस पिंडजवळच्या महामार्गावर एका भरधाव मोटारीने त्यांना उडवले. दुसऱ्या दिवशीच्या बहुतेक वर्तमानपत्रांनी त्यांचे वय ११४ छापले.