एरिक्सनच्या तक्त्यातली सातवी पायरी

धाकटी बहीण टीईटीचा अभ्यास करतेय. रात्री जेवणं झाली की तिला प्रश्न विचारायचे, हे माझ्याकडे लागलेलं काम. तिच्या बालमानसशास्त्राच्या गाइडमध्ये एक तक्ता आहे: एरिक्सनच्या मनोसामाजिक विकासाच्या आठ अवस्था. जन्मापासून म्हातारपणापर्यंत आठ रकाने आणि प्रत्येक रकान्यात एक झगडा. तान्ह्या बाळाचा विश्वास विरुद्ध अविश्वास, किशोरवयात ओळख विरुद्ध संभ्रम, असं करत शेवटी समाधान की हताशा. मी २८ वर्षांचा, म्हणजे सहाव्या रकान्यात: आत्मीयता विरुद्ध एकाकीपणा.

"दादा, तू अजून पाचव्यातच अडकलायस," ती म्हणाली.

दोन नोकऱ्या सोडून झाल्यात, लग्नाचा विषय निघाला की मी चपला घालतो. त्यामुळे वाद घातला नाही. पण हा तक्ता बनवणारा माणूस स्वतः कुठल्या रकान्यात होता, ते बघू म्हणून वाचायला घेतलं.

एरिक जन्मला १९०२ साली, जर्मनीत. आई कोपनहेगनच्या ज्यू घरातली. वडील कोण, हे त्याला जन्मभर कळलं नाही. तो तीन वर्षांचा असताना आईने थिओडोर होम्बर्गर नावाच्या बालरोगतज्ज्ञाशी लग्न केलं आणि हेच तुझे बाबा, असं त्याला सांगितलं गेलं. सोनेरी केस, निळे डोळे. त्यामुळे सिनेगॉगमधली पोरं त्याला परका म्हणून चिडवायची आणि शाळेतली पोरं ज्यू म्हणून. शाळा संपल्यावर तो विद्यापीठात गेलाच नाही, चित्रं काढत भटकला. १९२७ मध्ये एका मित्राने व्हिएन्नाच्या एका छोट्या शाळेत शिकवायला बोलावलं. तिथे ॲना फ्रॉइडच्या हाताखाली तो मनोविश्लेषण शिकला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा बायको जोन आणि मुलांना घेऊन त्याने युरोप सोडला. १९३९ मध्ये अमेरिकन नागरिक होताना नवं आडनाव घेतलं: एरिक्सन. म्हणजे एरिकचा मुलगा! 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द आपल्या तोंडी बसवला तो याच माणसाने. पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला, तेव्हाही त्याच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. (माझा बीईचा कागद फाइलमध्ये नीट आहे, तेवढाच काय तो आधार.)

इथपर्यंतची गोष्ट रीलमध्ये छान दिसेल.

१९४४ मध्ये एरिक आणि जोनला चौथं मूल झालं, नील. त्याला डाउन सिंड्रोम होता. हे मूल फार जगणार नाही, संस्थेत ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. त्या काळी असाच सल्ला सर्रास दिला जाई. जोन अजून बाळंतपणातून सावरायची होती, तेवढ्यात एरिकने निर्णय घेऊन टाकला. घरातल्या मुलांना सांगितलं की बाळ जन्मतःच गेलं. नील पुढे जवळपास दोन दशकं जगला, संस्थेतच.

याच वर्षांत, नवरा-बायको मिळून, तो तक्ता आकाराला येत होता. जोनने पुढे एक आठवण लिहून ठेवली आहे. एरिक एका भाषणाला निघाला होता, ती त्याला गाडीने स्टेशनवर सोडत होती आणि तक्ता सोबत होता. तेव्हा त्यात सातच अवस्था होत्या. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आत्मीयतेनंतर आपण थेट म्हातारपणावर उडी मारली आहे. मधली अवस्था, म्हणजे पुढच्या पिढीला वाढवण्याची, सांभाळण्याची, राहूनच गेली. म्हणजे त्यांची स्वतःचीच. ती सातव्या जागी आली आणि १९५०च्या 'चाइल्डहुड अँड सोसायटी'मध्ये आठ अवस्था छापून आल्या.

हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. नीलचा या विसरण्याशी संबंध होता, असं मी म्हणत नाही. तसं सिद्ध करता येणार नाही. पण आता तो सातवा रकाना मला कोरडेपणाने वाचता येत नाही.

एरिक्सनचा आपल्याशीही संबंध आला. १९६२ मध्ये तो जीवनचक्रावरच्या चर्चासत्रासाठी अहमदाबादला आला आणि गांधींच्या १९१८च्या गिरणी संपात गुंतत गेला. त्यातून १९६९ मध्ये 'गांधीज ट्रुथ' आलं, पुलित्झर मिळालं. त्या पुस्तकाच्या मध्यावर तो लिहिता लिहिता थांबतो आणि गांधींनाच पत्र लिहितो. सत्याबद्दल एवढं बोलणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात, कस्तुरबांशी आणि आश्रमातल्या मुलांशी जे केलं, त्याबद्दल जाब विचारतो. नीलला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. हे पत्र लिहिताना त्याला नील आठवला असेल का, या प्रश्नापाशी मी बराच वेळ घुटमळलो.

एरिक १९९४ मध्ये गेला. नव्वदी ओलांडलेल्या जोनने त्यानंतर तक्त्यात एक नववी अवस्था जोडली. शरीर साथ सोडतं तेव्हा सगळे जुने झगडे परत उभे राहतात, पार पहिल्या रकान्यातल्या विश्वासासकट, असं तिचं म्हणणं.

मी हे सगळं बहिणीला सांगितलं. नीलचं ऐकून ती गप्प झाली. मग गाइड पुढे ओढत म्हणाली, "परीक्षेत मात्र आठच लिहायच्या हं, दादा. चल, सातवी विचार."