घासाघीस आणि उधारीची वही

मंडळी, बाजारात 'थोडे कमी करा हो' म्हणावे की मुकाट्याने पैसे द्यावेत? भाव करायला तोंड लागते खरे, पण त्याआधी खिशात रोकड लागते. आपल्या नगर जिल्ह्याने, म्हणजे आजच्या अहिल्यानगरने, हे फार महागात पडून शिकले आहे.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात खेड्यातला वाणी बहुधा सावकारही असे. कापड, मीठ, बी-बियाणे त्याच्याचकडून, नि तेही उधारीवर. रोख देणारा गिऱ्हाईक पटले नाही तर दुसऱ्या दुकानी जाई. उधारीवाला कुठे जाणार? भाव तोच सांगे, वहीत तोच लिही, व्याजही तोच आकारी. अक्षरशत्रू कुणब्याने घासाघीस करावी तरी कशाची?

१२ मे १८७५ रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी भडका उडाला. तो आपल्याकडे श्रीगोंदे, पारनेर, कर्जतपर्यंत आला. आणि लोकांनी मागितले काय? कर्जरोखे! ते हाती येताच जाळले. माणसांच्या जिवावर ते सहसा उठले नाहीत, हे ध्यानात घ्या.

पुढे १८७९ च्या कायद्याने कुळाला पावती नि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला.

आज पुड्यावर छापतात ती कमाल किंमत; त्याहून कमी मागायला आडकाठी नाही. कोथिंबिरीची पाटी घेऊन बसलेल्या बाईशी मात्र मी भाव करीत नाही. आणि तुमची दुकानात वही असेल, तर महिन्याअखेर तिच्यातले आकडे घरातल्या शाळकरी पोराकडून मोठ्याने वाचून घ्या.